माझ्या हातचे पाच रोडगे

"हे पाच रोडगे बाजूले ठेव. इस्तवात टाकू नोको."

यजमानांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. तेही मला नाही, आचाऱ्याला. मी समोरच बसले होते, कणकेने भरलेले हात घेऊन.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे आम्ही चौघे. विषय अन्न आणि संस्कृती. त्यात इतिहास, समाजशास्त्र, आहारशास्त्र, सगळंच येतं. आमचे मार्गदर्शक सर आम्हाला आंजीच्या पुढच्या एका गावी रोडग्यांच्या जेवणाला घेऊन गेले होते. पोळ्यांचे थर एकात एक गुंडाळून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा. सर म्हणाले होते, नुसतं बघू नका, करा. म्हणून केलं. शेजारी जोशी आडनावाची मैत्रीण होती, तीही माझ्यासारखेच वेडेवाकडे वळत होती. तिचे भाजले गेले. माझे बैलांपुढे टाकले. बैलांना कसला आलाय विटाळ!

सरांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. म्हणजे गप्प बस. मी गप्प बसले. वर, मला सगळ्यांपासून वेगळं कडेला बसवलं, तिथे बसून जेवलेही.

माझी आई सावंगीला मेडिकल कॉलेजच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते. उद्याचे डॉक्टर रोज तिच्या हातचं खातात. संध्याकाळी घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही की चिडली नाही. एवढंच विचारलं,

"मंग तू जेवली काऊन तिथं?"

मला माझीच किळस आली.

लघुप्रबंधात मी घडलं ते घडलं तसं लिहिलं. सरांनी त्या पानावर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'रोडगे पुरुषांनीच करायचे, अशी प्रथा.' मी विचारलं, मग जोशीचे कसे भाजले? सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ते गाव पुन्हा आपल्याला बोलावणार नाही, पुढच्या मुलांचा विचार कर. पान काढ, सोमवारी सही घेऊन जा.

"सर, पान राहील."

सोमवार गेला. सही झाली नाही. बाकी तिघांचे प्रबंध जमा झाले, माझं वर्ष जाईल. जाऊ दे. दुसरा मार्गदर्शक मिळावा म्हणून अर्ज केला आहे. ते पान आता मी सगळ्यात पुढे लावलंय आणि त्यात एक वाक्य वाढवलंय: एवढं होऊनही मी तिथे जेवले.

त्यातला एक शब्दही मी कुणाला काढू देणार नाही.