तब्येत सुधारली

कुंभिवलीत कुणी अंगानं भरलं की म्हणायची रीत एकच : तब्येत सुधारली. मग आतून माणूस पोखरलेलं का असेना! पुतळाबाईच्या बाबतीत हे सगळ्यांत मोठ्यानं कुणी म्हटलं असेल, तर तिच्या नवऱ्यानं, काळूरामनं.

त्र्याऐंशी साली त्यांची भातखाचरं कारखान्यात गेली आणि काळूरामला तिथंच नोकरी लागली. लावणी, कापणी, झोडणी, सगळ्यातून पुतळाबाई सुटली. मुली आधीच सासरी गेलेल्या. जन्मभर चिखलात राबलेली ही बाई आता विहिरीवरची पाण्याची खेप सोडली तर दिवसभर खाटेवर बसून राही आणि हाताला येईल ते खाई. दोन वर्षांत चोळ्या उसवाव्या लागल्या. "पुतळीला सुख मानवलं बगा," असं काळूराम पारावर सांगे. ती बोलेनाशी झाली, सकाळी उठेनाशी झाली, तेही त्याला सुखाचंच लक्षण वाटलं. डोळे असून आंधळा म्हणतात तो हाच.

तिला धाप लागू लागली तेव्हा त्यानं तिला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. वजन झालं, रक्त तपासलं. रक्तात कोलेस्टेरॉल, म्हणजे चरबी, वाढलेली निघाली. तेल-तूप कमी करा, रोज चालवा, असं सांगून डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि काळूरामला विचारलं, "बाई तुमच्याशी शेवटचं कधी भांडल्या?"

काळूराम हसला. भांडणात पुतळाबाईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण शेवटचं भांडण काही केल्या आठवेना, आणि त्याचं हसू विरलं.

"वाढलेलं वजन आणि उदासी पुष्कळदा जोडीनं येतात," डॉक्टर म्हणाले. "कुणी कुणाला आणलं, ते सांगता येत नाही. नुसती चरबी बघत बसू नका."

संध्याकाळी घरी तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "पुतळे, काय होतंय गं तुला? खरं सांग."

पदराचं टोक पिळत ती म्हणाली, "मला पाण्याला एकटीला धाडू नका. विहिरीत वाकून बगितलं की तितंच जावंसं वाटतं."

काळूरामला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः हंडा खांद्यावर घेऊन निघाला. विहिरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्याला त्याचं काही नव्हतं. पुतळाबाई मागून रिकाम्या हातानं चालत होती, आणि तो पुन्हा पुन्हा वळून ती येतेय ना, ते बघत होता.