तीन पायांची विहीर

नाथाजी नाना वारले तेव्हा त्यांच्या घरात दोन गोष्टी मागं राहिल्या. एक त्यांची लेक राही आत्या, आणि दुसरा प्यानू. गावानं दोघांबद्दल एकच प्रश्न विचारला, “आता हे ठेवायचं कुठं?”

प्यानू म्हणजे पियानो. तोही साधा भिंतीला टेकवायचा नव्हे, तर पंख उघडून बसलेल्या गिधाडाएवढा, काळा, तीन पायांचा. नाना पाचगणीच्या एका शाळेत तीस वर्षं गडी होते. तिथल्या गाणं शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मडमेनं विलायतेला परत जाताना तो नानांना देऊन टाकला, कारण त्याच्या तारा पिळून सुरात आणायचं काम तिनं फक्त नानांनाच शिकवलं होतं. नानांनी त्याचे पाय सोडवले, सगळा कडब्यात गुंडाळला, पसरणीच्या घाटानं खाली आणला, वाईला एक मुक्काम केला आणि सातव्या दिवशी बैलगाडी आष्ट्याच्या अलीकडं आमच्या गावात शिरली. मी तेव्हा पाळण्यात होते, पण तो प्रसंग मला चार आवाजांत करून दाखवता येतो. त्यातला सगळ्यात चांगला आवाज माझ्या आजीचा. ती दारातनं ओरडली होती, “आगं बया! नाथाजीनं मडमेचं मढंच आणलं की गं!”

प्यानू पुढच्या सोप्यात बसला तो बसलाच. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे तिन्ही पाय पाण्याच्या दगडी वाट्यांत. पोटात कडुलिंबाचा पाला. अंगावर घोंगडं. खंडेनवमीला लोक विळ्या-कुऱ्हाडींना हळदकुंकू वाहतात, नाना प्यानूला वाहायचे. पोरं त्याला ‘तीन पायांची म्हस’ म्हणायची आणि नाना काठी घेऊन धावायचे.

गंमत अशी, की नानांना तो वाजवता येत नव्हता. राही आत्यालाही येत नव्हता. त्यांना तो लावता येत होता. दर वर्षी वैशाखात, घरोघरी लोणची घालतात त्या सुमाराला, आठ दिवस दोघं बापलेक त्याचं पोट उघडून बसायची. आत्या एकेक पट्टी बोटानं दाबायची आणि नाना चावीनं खुंटी पिळायचे. आमची भिंत एकच, त्यामुळे आठ दिवस आम्हाला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. “वर... वर... आजून वर... आगं बास! लय झालं, खाली ये.” नवव्या दिवशी सगळा प्यानू सुरात यायचा. मग नाना झाकण लावायचे, घोंगडं टाकायचे, आणि पुढचा वैशाख येईपर्यंत विषय बंद.

राही आत्याच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली, तशी आत्या डोक्यावर गठुडं घेऊन माहेरी आली होती. तिला कुणी विचारलं, “परत कवा जायाचं?” की ती म्हणायची, “न्हाई जायाचं. मग?” तिचं ते ‘मग?’ ऐकून भलेभले गडी चप्पल शोधायला लागायचे. तिनं कधी आवाज चढवला नाही. मला तिची नक्कल सगळ्यात शेवटी जमली, कारण बाकीच्यांच्या नकलेत आवाज मोठा करायचा असतो आणि तिच्यात बारीक.

नाना पौषात गेले, दुसरी लढाई संपली त्या साली. अग्नी दिला बाळासोनं, म्हणजे नानांच्या भावाच्या मुलानं. तेराव्याला पागोटंही त्यालाच बांधलं. नानांना मुलगा नव्हता, तेव्हा रान त्याच्याकडं गेलं आणि आत्याला हयातभर घरात राहायची मुभा मिळाली. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. पण पागोटं डोक्यावर नीट बसायच्या आधीच बाळासो प्यानूला प्रदक्षिणा घालायला लागला. तो प्रत्येक वाक्य ‘म्या काय म्हंतो’नं सुरू करतो, मग त्याला काही म्हणायचं असो वा नसो.

“म्या काय म्हंतो आक्का, ह्यो सांगलीला धाडूया. इश्रामबागंत एक वकील हाईत, त्यांच्या लेकीला अस्लंच पायजे. थोरल्या पोराला कचेरीत चिकटवून देतो म्हनलेत.”

“माझा हाय त्यो,” आत्या म्हणाली.

“तुला वाजवाय येतंय व्हय?”

“न्हाई येत. मग? तुला बाचं पागोटं गुंडाळाय कुटं येतंय? तरी घातलंईस न्हवं?”

प्रकरण मारुतीच्या देवळात पंचांपुढं गेलं. त्या दिवसांत आमच्याकडं कुणी सरकारी कोर्टाची पायरी चढत नव्हतं, गावचा निवाडा गावातच व्हायचा. आमच्या पंचांत मुख्य लालासाहेब हवालदार. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, त्यामुळे अर्धं बोलणं पलटणीतलं.

“बराबर!” लालासाहेब म्हणाले. त्यांच्याकडं ही सुरुवात असते, पसंती नव्हे. “राही, तू बोल. प्यानू तुजा कसा?”

“बानं मला चोळीबांगडीला दिलाय, आबा.”

चोळीबांगडी म्हणजे बाप लेकीला तिच्या चोळीबांगडीच्या खर्चापुरता जमिनीचा तुकडा लावून देतो, तो. बाळासो उसळला. “म्या काय म्हंतो, चोळीबांगडीला रान देत्यात! पेटी कवा दिल्याली ऐकलीय कुनी?”

“ऐकणारं कोन हुतं तितं?” लालासाहेबांनी विचारलं.

मी होते. नानांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना पेज द्यायला गेले होते. मी उभी राहिले आणि नाना काय म्हणाले ते सांगायला लागले, पण मला ते माझ्या आवाजात सांगताच येईना. तोंड उघडलं आणि नानाच बाहेर आले. आधी त्यांचा तो दोन टप्प्यांचा खोकला, मग, “राही... रान काय ऱ्हायचं न्हाई तुला. ही तुजी चोळीबांगडी. वैशाखात खुंट्या बगत जा, बाई.”

राही आत्यानं पदर तोंडाला लावला. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली, आणि मला वाटलं, आपण नकला करतो ते काही बरं नाही.

बाळासोच तेवढा सावरला. “ही पोरगी उद्या कोंबड्याची बी साक्ष काढंल! नकलंवर निवाडा करनार हाय का?”

पंचांनी कुजबुज केली. कुजबुज म्हणजे लालासाहेबांचा आवाज, तो ओढ्यापर्यंत ऐकू गेला. अखेर ते म्हणाले, “दोघांचा बी हक हाय. वस्तू तोडता येत न्हाई. तोडता न येनारी वस्तू म्हंजे काय? पान्याची हीर. हिरीला भाऊबंद काय करत्यात? बारी लावत्यात. प्यानूला हिरीचा कायदा. आठ दिस राहीचं, आठ दिस बाळासोचं. हुकूम खतम.”

बाळासो देवळातनं निघाला तो हसतच. आपली बारी आली की प्यानू गाडीत घालून सांगलीला न्यायचा. एकदा वकिलाच्या बंगल्यात गेलेली वस्तू आठ दिवसांनी परत मागायला कोण जातंय? त्याचा हिशेब माझ्यासकट सगळ्यांना कळला होता.

सोमवारी सकाळी बाळासोची बारी लागली आणि दारात गाडी उभी. चार गडी, बांधायला सोल, कडबा. आत्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली.

“सर की आक्का. माजी बारी हाय.”

“हाय की. काढ पानी.”

“आं?”

“हिरीचा कायदा न्हवं? बारी लागली की गडी आपली मोट, आपली बैलं घिऊन हिरीवर येतो. कुनी हीर उचलून घरी नेल्याली बगितलीस व्हय रं?”

गड्यांपैकी एक जण फसकन हसला. बाळासोनं त्याच्याकडं पाहिलं, मग गाडीकडं, मग पुन्हा आत्याकडं. तो लालासाहेबांना बोलावून घेऊन आला. त्यांनी प्यानूकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं, आणि मिशीवरनं बोट फिरवलं.

“बराबर! हीर जाग्यावरच ऱ्हानार. पानी काढायचं तर हितंच काढ. आनी ऐक, तीन बाऱ्या कोरड्या गेल्या की हक्क जातो. त्यो बी कायदाच हाय.”

मग जे सुरू झालं ते तीन महिने चाललं. आपल्या बारीच्या दर सोमवारी बाळासो पागोटं बांधून यायचा, प्यानूसमोर उभा राहायचा, डावीकडची एक पट्टी एका बोटानं दाबायचा. ढंग्‌. हक्क राखला. मागं वळायचा आणि निघून जायचा. आत्या त्याला दर वेळी पाण्याचा तांब्या द्यायची, पावण्याला देतात तसा. तेच त्याला जास्त लागायचं. माझी ती नक्कल गावभर गेली. वाटेत बाळासो दिसला की पोरं ‘ढंग्‌’ करायची आणि पळायची. तो चिडायचा, पण यायचा चुकला नाही. वकिलानं पोराला कबूल केलेली कचेरीतली जागा अजून रिकामी होती, आणि आत्या कंटाळेल अशी त्याला आशा होती.

चैत्र संपता संपता मला भिंतीपलीकडनं आत्याचा आवाज आला. ती प्यानूशीच बोलत होती. “उतरलायस बग किती. बा असता तर...” चावी धरायला एक माणूस आणि पट्टी दाबायला एक, असं ते दोघांचं काम. ती एकटी होती. मला वाटलं, आता ही मला बोलावणार. मी पदर खोचून तयारही झाले.

ती माझ्याकडं आली नाही. ती लालासाहेबांकडं गेली.

“आवं आबा, एक इचारते. उन्हाळ्यात हिरीतला गाळ कोन काढतं?”

“ज्येचा ज्येचा हिस्सा, त्यो त्यो.”

“आनी एखादा न्हाई आला तर?”

“तर त्येचा हिस्सा बुडाला. बराब...” लालासाहेब मध्येच थांबले. मग इतके हसले, की त्यांना खोकल्याची उबळ आली.

वैशाखातल्या पहिल्या सोमवारी बाळासो आपली एक पट्टी दाबायला आला, तर प्यानूचं पोट उघडं. आत्यानं चावी त्याच्या हातात ठेवली. “दोनशेवर खुंट्या हाईत. हिकडच्या निम्म्या तुज्या. धर.”

“म्या काय म्हंतो...”

“म्हन की.”

दारात अर्धं गाव उभं होतं. हक्क सोडायचा तर सगळ्यांदेखत सोडायला लागणार होता. बाळासोनं पैरणीच्या बाह्या वर केल्या.

मोटेचा सोल ओढणारा माणूस तो, त्याला हलकं पिळणं माहीतच नव्हतं. आत्या पट्टी दाबायची, “वर,” म्हणायची, आणि तो बैलाची शेपटी पिरगाळावी तशी खुंटी पिरगाळायचा. “लय झालं, खाली. आरं, खाली म्हंजे सोडून दिवू नगंस!” आधी उंदरांनी केलेलं घरटं त्यालाच काढायला लागलं. पट्टी दाबली की तारेवर आपटणारे दांडे असतात, त्यांची लोकर झिजली होती. आत्यानं पूर्वेकडच्या बिराप्पा धनगराकडनं मेंढीची लोकर आणवली होती. ती पिंजून चिकटवायचं कामही त्याच्याच वाटणीला. तिसऱ्या दिवशी एक तार त्याच्या हातात तुटली आणि सटकन उसळून थेट पागोट्यावर बसली. पागोटं उडालं आणि मुंग्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या वाटीत पडलं.

कुणी हसलं नाही. हसू दाबल्याचा आवाज मात्र हसण्यापेक्षा मोठा असतो.

बाळासोनं पागोटं उचललं. पिळलं. “सोडली!” तो ओरडला. “सोडली म्या बारी! पंचांना सांगा, पोराला सांगा, त्या वकिलाला सांगा! ठिव तुजं मढं तुज्यापाशी!”

तो उंबऱ्यापर्यंत गेला.

“थांब,” आत्या म्हणाली. तोच बारीक आवाज. “हिस्सा सोडलास, ब्येस केलंस. पर निम्मा गाळ काढून हिरीतनं वर येतोस व्हय? आमच्या भावकीत असं कवा झालं न्हाई. तुज्या बानं बी केलं नसतं.”

बाळासो पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, जातोय. पण विहिरीत उतरलेला गडी गाळ अर्धा सोडून वर आला तर पुढं त्याला कुणी आपल्या विहिरीवर बोलावत नाही, हे त्याच्या रक्तातच होतं. तो वळला. ओलं पागोटं खुंटाळ्यावर टांगून मोकळ्या डोक्यानं चावीपाशी बसला.

पुढचे पाच दिवस भिंतीपलीकडनं पुन्हा तेच यायला लागलं. “वर... वर... बास.” शेवटच्या दिवशी मी दारात जाऊन बसले. एकच खुंटी राहिली होती, त्याची ती नेहमीची डावीकडची, ढंग्‌वाली. आत्यानं पट्टी दाबली. बाळासोनं चावी फिरवली, डोळे मिटले, मान तिरकी केली, आणि तिनं काही म्हणायच्या आत बोलला, “म्या काय म्हंतो, आजून वाईच वर.”

आत्यानं त्याच्या हातातनं चावी काढून घेतली.

“तू गप. माझा हाय त्यो.”

तिनं स्वतः खुंटी धरली आणि वाईच वर घेतली. मग झाकण लावलं, घोंगडं टाकलं, आणि बाळासोला जेवायला पाट मांडला.