तळ्याची चिखलणी

पावणे गावच्या खाडीबांधाआड बायजाचं तळं होतं. नवऱ्यामागे तिच्याकडे राहिलेलं एवढंच. त्यात तिनं जिताडे वाढवले होते. धाकटा दीर गोटीराम बांधावर उभा राहून म्हणायचा, "वयनी, बाईमानसाच्यानं तलं राखवत नाय. औंदा मासं जगलं तर तलं तुमचं. मेलं तर मी बघीन." गावच्या पंचांनीही त्यावर मान डोलावली होती.

त्या धास्तीनं अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात बायजानं उघाडीच बुजवून टाकली. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. नवरा दर उधाणाला ते उघडायचा, खाडीचं ताजं पाणी आत घ्यायचा. बायजाला वाटलं, दार उघडलं की मासा निसटणार.

पाणी कोंडलं. तळाशी शेवाळ कुजलं, काळ्या गाळात गंधकाचा वायू धरला. सडक्या अंड्यांचा वास घरात जेवणाच्या ताटापर्यंत येऊ लागला. पाण्यात उतरलेल्या पुतळाच्या, तिच्या लेकीच्या, पायातले चांदीचे वाळे काळे पडले.

"नजर लागली गो," शेजारीण म्हणाली.

"नजर नाय, गाल माजलाय," बायजा म्हणाली. भातशेतीत जन्म गेलेली बाई. माजलेल्या गाळावर तिला एकच उपाय ठाऊक होता : चिखलणी.

सकाळीच लुगडं खोचून ती तळ्यात उतरली आणि खाचर तुडवावं तसा तळ तुडवू लागली. पायाखालून बुडबुडे उसळले. डोळे चुरचुरले, डोकं गरगरलं. ती थांबली नाही.

"आये, मासं बग!" पुतळा किंचाळली.

जिताडे तोंडं वर काढून हवा गिळत होते. मग एकेक पांढरं पोट वर आलं.

बायजानं नखांनी उघाडी उकरली. पण खाडीला ओहोटी लागलेली. आत काहीच आलं नाही. उरलंसुरलं पाणीही निघून चाललं.

"आता उघडून काय, वयनी?" गोटीराम बांधावर येऊन उभा होता.

एका जिताड्याचे कल्ले अजून हलत होते. बायजानं त्याला पोटाशी धरलं, बांध ओलांडला आणि मांडीभर चिखलातून ती खाडीच्या धारेपर्यंत गेली.

"तो तरी ठेवा. कालवनाला व्हईल!"

"तलं न्या, भावजी," ती वळून न बघता म्हणाली. "यो नाय देनार."

तिनं त्याचं तोंड धारेकडे धरलं. मासा हातातून सुटला, आडवा झाला. ती कमरेपर्यंत पाण्यात शिरली आणि पुन्हा त्याला सरळ करू लागली.