दादाची तहान

कॉलेजात जाणारा माझा दादा आगाशीच्या तळ्यात बुडाला, तेव्हा मी शाळेत होते. दहाव्याला पिंडाला कावळा काही शिवला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं आणि आईच्या जिवाला घोर लागला. रोज तिन्हीसांजेला तिला हाक ऐकू यायची, "आई, पाणी." पाण्यात गेलेलं पोर पाणीच मागतंय! ती उठून खिडकीत तांब्या भरून ठेवायची. मला भीती वाटायची आणि रागही यायचा. जिवंत पोरगी तापाने फणफणली तरी आईचे कान आपले खिडकीकडे.

पुढे काही वर्षांनी सोपाऱ्याच्या स्तूपावर थायलंडचे यात्रेकरू आले. आम्ही जवळच राहायचो. आई म्हणाली, "चल गं, बघून येऊ." भिक्षू मंत्र म्हणत होते आणि एक म्हातारी पितळी झारीतून वाटीत पाण्याची बारीक धार धरून बसली होती. धार सगळ्यांच्याच वतीने असावी, तसं मागे बसलेल्यांनी तिचं कोपर धरलेलं. मंत्र संपल्यावर ती वाटी घेऊन झाडाकडे निघाली. आईला वाटलं, तीर्थ! झाली की पुढे, उजव्या हाताची ओंजळ करून. म्हातारी गोंधळली, पण तिने थोडं ओतलं. आईने ते पिऊन हात डोक्याला पुसला.

"अहो बाई, पिताय काय!" त्यांचा दुभाषा ओरडला. "मेलेल्यांच्या नावाचं पाणी ते. झाडाला घालतात, पुण्य त्यांना पोचतं."

"अगं बाई, कुणाच्या तोंडचं पाणी प्याले मी!" आई मटकन खालीच बसली आणि रडत दादाचं सगळं सांगून मोकळी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुभाष्याने सांगितल्यावर म्हातारीने झारी पुन्हा भरून आईच्या हातात दिली, स्वतः तिचं कोपर धरलं. धार तुटू द्यायची नाही, असं खुणेनं सांगितलं. चहा ओततानाही थरथरणारा आईचा हात तेव्हा जराही हलला नाही. ते पाणी तिने झाडाच्या मुळाशी घातलं.

त्यानंतर हाक आली नाही. दिवा लावून आई कान देऊन बसायची. मी खूश होते. "सुटलीस बाई एकदाची!" म्हटलं. तर एका संध्याकाळी ती हमसून रडायला लागली. दादाला घरी आणलं तेव्हाही अशी रडली नव्हती.

"अगं, पोचलं ना त्याला पाणी? मग रडतेस काय?"

"पोचलं म्हणूनच," ती म्हणाली. "तहान भागली त्याची. आता कशाला येईल तो माझ्याकडे?"