अर्जातली मी आणि ओसरीतली अक्का

बी.ए. झाल्यावर पुढं काय, यावर कानडी मुलखातल्या आमच्या राजाजीनगरच्या घरात महिनाभर काथ्याकूट चालला होता. अप्पा सरकारी कारखान्यात नोकरीला. त्यांचं म्हणणं एकच, मुकाट्यानं बी.टी. कर आणि मास्तरीण हो. मला हवं होतं तत्त्वज्ञान, कारण ते कुणाला कळत नसे आणि मला तेवढाच रुबाब मिळे. अशात शहराच्या छावणी भागातल्या एका कॉलेजची जाहिरात दिसली. धर्म, तत्त्वज्ञान आणि शिक्षण, तिन्ही मिळून दोन वर्षांचं एम.ए. त्यात शिक्षण होतं म्हणून अप्पा गप्प बसले, आणि मी हट्टालाच पेटले.

जागा मोजक्या होत्या. अर्जात एक प्रश्न होता : मुलांना धर्मविचार शिकवण्याचा आपला अनुभव लिहा. माझा अनुभव शून्य. घरात अनुभव होता तो अक्काचा.

अक्का माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी तान्ही होते, मला सांभाळायला तिनं चौथीतून शाळा सोडली. पुढं ती दर रविवारी सकाळी गल्लीतली मराठी पोरं आमच्या ओसरीत जमवायला लागली. श्लोक म्हणून झाले की बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायची. आठवडाभर पोरांनी त्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकलेल्या असत, नाव न घालता. देव झोपतो का, मुंगी मारली तर पाप किती, असलं काहीबाही. अक्का उत्तर कधीच देत नसे. "सरी, तुला काय वाटतं गं?" असं एकेकाला विचारत जायची, आणि पोरंच भांडूनतंडून काहीतरी ठरवायची. एक चिठ्ठी ती स्वतःचीही टाकायची.

हे सगळं मी अर्जात झकास इंग्रजीत लिहिलं. फक्त अक्काच्या जागी 'मी' घातलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी. आणि खोटं कशाला सांगू, लिहिताना मला काहीच वाटलं नाही.

वाटलं ते पंधरा दिवसांनी. कॉलेजातून पत्र आलं की एक प्राध्यापक रविवारी वर्ग पाहायला येतील. शनिवारी दुपारी अक्का भाकऱ्या थापत होती, तिच्याशेजारी बसून मी सगळं ओकले. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली.

"मग मी कुठं बसू?" एवढंच तिनं विचारलं. चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

प्राध्यापक धारवाडकडचे होते, मराठी समजायची त्यांना. ते खुर्चीवर बसले. अक्कानं चटया घातल्या आणि पोरांच्या शेवटच्या रांगेत मांडी घालून बसली. मी डबा उघडून वरची चिठ्ठी वाचली : आजी देवळात जाते तेव्हा घरातला देव एकटा असतो का? झालं, माझं व्याख्यान सुरू. ईश्वराचं सर्वव्यापित्व वगैरे. पोरं चटईच्या काड्या उपटत बसली. शेवटी एक पोरगी मागं वळून म्हणाली, "अक्का, तूच विचार की आम्हाला."

प्राध्यापकांनी मागं पाहिलं. अक्का मान खाली घालून म्हणाली, "आज ताई विचारतील. मी चटया घालणारी."

तेव्हा बोलता आलं असतं. हा वर्ग हिचा आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. जाताना त्यांनी मला मुद्दाम विचारलंही, "त्या बाई कोण?"

"घरच्याच आहेत," मी म्हटलं, "मदतीला असतात." अक्का चार हातांवर चटया गुंडाळत होती. तिला ऐकू गेलं. मला आजही ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

"उत्तरं जरा कमी द्या," असं म्हणून ते गेले, आणि आठवड्यात प्रवेशाचं पत्र आलं. अप्पांनी पेढे आणले. पहिला पेढा अक्कानं माझ्या तोंडात घातला.

त्या दुपारी, ती विहिरीवर गेल्यावर, मी डबा काढला. एका चिठ्ठीनंतर मी व्याख्यानातच रमले होते, बाकीच्या तशाच पडल्या होत्या. एक अक्काची होती. नाव नव्हतं, पण ते चौथीतलं सुटं सुटं अक्षर मी कुठंही ओळखलं असतं. मास्तर येणार म्हणून तिनं मुद्दाम टाकली असावी.

'मोठेपणी शाळा परत धरता येते का?'

अक्काच्या रीतीनं निदान 'तुला काय वाटतं' एवढं तरी मी तिला विचारायचं होतं. मी चिठ्ठीची घडी घातली, डब्याच्या तळाशी ठेवली, वर बाकीच्या चिठ्ठ्या पसरल्या. आणि सोमवारी कॉलेजात माझं नाव घालून आले.