मुलाखतीतला पहिला प्रश्न

वनस्पतिशास्त्र विभागातली पोरं तिथल्या एका प्राध्यापक बाईंना मागून ‘कडक बाई’ म्हणायची. बाईंच्या कपड्यांवर कधी एक चुणी दिसेल तर शपथ! बोलणंही तसंच, जे असेल ते तोंडावर. नापास झालेल्याला सकाळी झापणार त्या, आणि संध्याकाळी समोर बसवून तेच प्रकरण पुन्हा शिकवणारही त्याच. अशी माणसं दिवा घेऊन शोधावी लागतात.

त्या विभागाची एक जुनी रीत होती. संशोधनाच्या जागेसाठी मुलाखत असली की पहिला प्रश्न ठरलेला, वडील काय करतात? उमेदवाराचं दडपण जावं म्हणून, असं विभागप्रमुख सांगत. जायचं की, पण कुणाचं? वडील वकील निघाले की ओळखीपाळखी निघायच्या, हशा व्हायचा, चहा यायचा. हमाल निघाले की सगळे ‘बरं, बरं’ म्हणत कागदात डोकं खुपसायचे, आणि मग त्या पोराचं प्रत्येक उत्तर कच्चं वाटायचं. मुद्दाम कुणी करत नव्हतं हो, म्हणून तर मोडायला अवघड. बाई सांगून सांगून थकल्या. प्रमुख म्हणायचे, साध्या चौकशीत कसला आलाय भेदभाव?

यंदा जागा एकच होती. दुपारी एक मुलगी आत आली. शेवाळावरचं तिचं काम बाईंनी वाचलं होतं. बाकी कुणाचं त्याच्या जवळपासही नव्हतं. प्रमुखांनी हसून नेहमीचा प्रश्न विचारला. मुलीनं तोंड उघडलं, मिटलं, टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. पोरगी थाप जुळवत होती. ते बाईंना नाही कळणार तर कुणाला?

“थांब,” बाई म्हणाल्या. “आधी मी सांगते. माझे वडील रस्त्याच्या कोपऱ्यावर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायचे.”

सगळे बघतच राहिले. इतकी वर्षं बाई म्हणजे बड्या कापडवाल्याची लेक, असंच जो तो धरून चालला होता.

“याच खोलीत, माझ्या मुलाखतीत, मी वडिलांचं कापडाचं मोठं दुकान आहे म्हणून सांगितलं होतं. सर, तेव्हा तुम्हीही होतात. माझ्यासाठी चहा मागवलात. जागा मला दिलीत की त्या दुकानाला, हे मला आजवर कळलेलं नाही.”

लोक म्हणतील, झाकली मूठ उघडायची कशाला? अहो, त्याला छाती लागते. बाईंची नजर प्रमुखांवरून हलली नाही. प्रमुखांचे वडीलही याच विभागाचे प्रमुख होते. मग लेकाला हा प्रश्न कुणी कशाला विचारलाय! ते खाली बघत चष्मा पुसत बसले.

मुलीनं मान वर केली. “वडील नाहीत. आई लोकांकडे धुणीभांडी करते,” ती म्हणाली. “आता शेवाळाचं विचारता का?”

प्रमुखांनी विचारलं. मग दुसऱ्यांनी विचारलं, तिसऱ्यांनी वाद घातला, आणि पोरगी कुणाला हटली नाही. जागा तिलाच मिळाली. पुढच्या वर्षीपासून तो प्रश्नही बंद झाला.

बाईंना स्वतःबद्दल जे कधीच कळणार नव्हतं, ते त्या पोरीला पक्कं ठाऊक आहे. तिला जागा मिळाली ती शेवाळामुळे.