कोपराने पाहिलेलं पाणी

नंदुरबारच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी माझ्या टाकीसाठी हिटर घ्यायला गेलो, तेव्हा रनाळ्याच्या एक मावशी आधीच उभ्या होत्या. त्या दुकानदाराला सांगत होत्या: मुलगा नोकरीला लांब गेला आणि त्याची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी त्यांच्याकडे आली. थंडीत वीज गेली की त्या टाकीला गोधडी गुंडाळत. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी पाहावं, तसं टाकीत कोपर बुडवून पाहत.

दुकानदाराने साधा काचेचा हिटर काढला. माशाला चटका बसेल म्हणून मावशींनी तो परत सरकवला. "मासा टेकना ते भाजी जाई. जाळीवाला द्या."

मग खाऱ्या पाण्यात न गंजणारा, जाळीचा हिटर निघाला. मीही तसाच घेतला. दुकानदार म्हणाला, "हिटर पूर्ण बुडलेला ठेवा. आणि मावशी, आता कोपर नको. चालू हिटरच्या पाण्यात हात घालायचा नाही. थर्मामीटर लावा."

त्यांनी थर्मामीटरही पिशवीत टाकला आणि शांतपणे म्हणाल्या, "पहिले प्लग काढसू, भाऊ. पन थर्मामीटर पानीन्हं सांगस. मासाले थंडी वाजी ऱ्हायनी का, ते कोपरलेच समजस."

मी तेव्हा हसलो होतो.

परवा सकाळी कडाक्याची थंडी होती. माझ्या टाकीतला थर्मामीटर सगळं ठीक दाखवत होता. तरी मी प्लग काढला, आणि बाही कोपराच्या वर सारली.